कर्नालची लढाई, सालमियाचा निकाल

सतराशे एकोणचाळीस साली बदरुद्दीनचाचांचं घराणं कर्नालची लढाई हरलं, आणि गावाने ते त्यांना अजून विसरू दिलं नव्हतं.

पुस्तकात वेगळं लिहिलंय. पुस्तकाप्रमाणे इराणचा नादिरशहा जिंकला आणि दिल्लीचा बादशहा मोहम्मदशहा हरला. चाचांच्या घराण्याचा उल्लेख नाही. पण कोकणातल्या खाडीकाठच्या आमच्या गावात पुस्तकं कमी आणि रिकामा वेळ भरपूर. गावाचं म्हणणं असं, की चाचांचा कोणी खापरपणजोबा बादशहाच्या छावणीत तंबू ठोकायच्या कामावर होता. इराणी बंदुका वाजताच तो जो सुटला, तो आमच्या खाडीच्या चिखलात पाय रुतल्यावरच थांबला. अंतर बघता त्याच्या दमाचं कौतुक व्हायला हवं होतं. गावाने त्याऐवजी घराला नाव ठेवलं: पळपुट्यांचं घर. पोस्टमन याच पत्त्यावर पत्रं आणून टाकायचा, आणि ती चुकायची नाहीत.

चाचा चौदा वर्षं कुवेतमधल्या सालमियात एका बांधकाम कंपनीच्या स्टोअरचे प्रमुख होते. मी, सिराज, त्यांच्याच गावचा आणि त्यांच्याच हाताखाली. एकोणीसशे सदुसष्टच्या मार्चमध्ये ते कायमचे गावी परतणार होते. जानेवारीत त्यांच्या थोरल्या बहिणीचं, खैरुन्निसाफूफूंचं पत्र आलं. फूफूंच्या लेकीचं लग्न एप्रिलात, मामाच्या घरी. वऱ्हाड पडवीत बसणार. वाट विचारत येणाऱ्या वऱ्हाडाला गाव घराचं काय नाव सांगणार ते तुला ठाऊक आहे, असं फूफूंनी लिहिलं होतं, आणि खाली सगळ्यांना सलाम.

ते पत्र चाचांनी दोन दिवस खिशात वागवलं. तिसऱ्या दिवशी आमच्या गावजमातीचे, म्हणजे कुवेतमधल्या गावकऱ्यांच्या मंडळाचे, लोक निरोपाच्या समारंभाचं विचारायला गेले, तेव्हा ते म्हणाले की मला घड्याळ नको, शाल नको. मला कर्नालची लढाई पाहिजे.

"मी बादशहा होणार, आणि या वेळेला बादशहा जिंकणार," चाचा म्हणाले. "त्याचा एक फोटो. त्यात नादिरशहा माझ्यासमोर वाकलेला दिसला पाहिजे, कमरेतून. तेवढा फोटो मी पडवीत लावीन. मग बघू कोण काय नाव घेतो ते."

नूरबानूचाची आत कांदा कापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "तुमचा खापरपणजोबा पळाला त्याला सव्वादोनशे वर्षं झाली. तुम्ही अजून धापा टाकताय."

तरी बादशहाचा अंगरखा शिवायला त्यांनी दिवाणखान्याचा पडदा त्याच संध्याकाळी उतरवला.

बादशहाची फौज जमवणं सोपं होतं. आमच्या मेसमध्येच वीस जण होते, आणि मेसचा आचारी गफूर लढाईनंतर मटण आहे म्हणाल्यावर वीसही जणांना मोगलांबद्दल प्रेम वाटू लागलं. प्रश्न होता इराण्यांचा. उस्मानभाई, म्हणजे आमच्या जमातीचे सेक्रेटरी, म्हणाले की आपल्याच निम्म्या पोरांना दाढ्या लावू. चाचांना ते पटलं नाही. खोट्या नादिरशहाला हरवण्यात काय अर्थ आहे, असं त्यांचं म्हणणं.

खरे इराणी आमच्या गल्लीच्या टोकाला होते. तिथे उस्ताद रजब यांची भट्टी होती. सकाळची, दुपारची आणि रात्रीची रोटी आम्ही तिथूनच आणायचो. रजब लार गावचे, सहा फूट उंच, भुवयांना भट्टीची धग लागून लागून केस उरलेले नव्हते. तरुणपणी दोन वर्षं मुंबईत एका इराणी हॉटेलात काम केल्यामुळे त्यांना हिंदी यायचं. सालमियातल्या आणि आसपासच्या सगळ्या भट्ट्यांवर त्यांचेच चुलते, मेहुणे आणि भाचे. त्यांच्यासकट मोजले तर बरोब्बर वीस भरत होते.

बोलणी करायला मला पाठवलं. रजब सगळ्याला तयार होते. नादिरशहा व्हायला तयार, उंच टोपी घालायला तयार, स्वतःचा उंट आणायलाही तयार. मग मी त्यांना सांगितलं की शेवटी तुम्हाला हरायचंय.

त्यांनी गोळा मळायचा थांबवला. नादिरशहा जिंकला होता ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. मग, असं विचारलं. मी निरोपसमारंभाचं सांगितलं, पडवीचं सांगितलं, फूफूंच्या लेकीचं सांगितलं. त्यांनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं आणि मला एक गरम रोटी फुकट दिली, त्यावरूनच मी ओळखलं की उत्तर नाही असं आहे. लारमध्ये त्यांचेही नातेवाईक होते. तिथेही पत्रं जायची. कोणी सांगितलं की रजब कोकण्यांकडून कर्नाल हरला, तर त्यांनी तरी कुठे तोंड दाखवायचं?

शेवटी त्यांनीच तोड काढली. लढाई खरी होऊ द्या. जो हरेल तो फोटोत वाकेल. मी वाकेन, नाहीतर बादशहा वाकेल.

हे ऐकून चाचांचा चेहरा उतरला. वाकलेल्या बादशहाचा फोटो गावी गेला तर पळपुट्यांचं घर हे नाव दगडात कोरलं गेलं असतं. पण वीस इराणी दुसरीकडे मिळणार नव्हते, आणि बोट सात मार्चची होती. ते हो म्हणाले.

नियम उस्मानभाईंनी लिहिले. उस्मानभाई दिवसा वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होते, त्यामुळे नियम चार पानं भरले. त्यातले कामाचे तीन. एक, शत्रूच्या तलवारीचा खांद्याला स्पर्श झाला की आपली तलवार त्याला द्यायची. दोन, हातात तलवार नाही तो बाद, हातात तलवार आहे तो सैनिक. तीन, लढाई जुम्म्याच्या अझानपर्यंत; अझान सुरू होताना ज्या फौजेच्या हातात जास्त तलवारी, ती जिंकली. तारीखही त्यांनीच शोधली. मूळ लढाई चोवीस फेब्रुवारीची, आणि त्या वर्षी चोवीस फेब्रुवारीला नेमका शुक्रवार येत होता. उस्मानभाईंना याचा इतका आनंद झाला, की जणू लढाईच त्यांनी त्या तारखेला ठेवली होती.

तलवारी कंपनीच्या खोक्यांच्या फळ्यांमधून कापल्या. वीस त्यांच्या, वीस आमच्या, पाइपाला लावायचा चंदेरी रंग मारून, मुठीवर नंबर घालून. कंपनीच्या साहेबांनी चाचांना अट घातली की चाळीस चालल्यात, चाळीस परत आल्या पाहिजेत. साहेब बहुधा गमतीने म्हणाले असावेत. पण स्टोअरच्या बाबतीत चाचांना गंमत कळत नसे. त्यांनी ताबडतोब बिल्ले काढले.

आमच्या स्टोअरमध्ये बिल्ल्याची पद्धत होती. प्रत्येक कामगाराला आपल्या नंबरचा पितळी बिल्ला. हातोडा हवा असेल तर बिल्ला द्यायचा, हातोडा न्यायचा. बिल्ला हुकाला लटकणार. हातोडा परत आला की बिल्ला ज्याचा त्याला. एका बिल्ल्यावर एकच वस्तू. बिल्ला नाही तर वस्तू नाही, मग मागणारा खुद्द साहेब असला तरी. चौदा वर्षांत या पद्धतीत एक पाना हरवला नव्हता. चाचांनी इराण्यांसाठी वीस नवे बिल्ले ठोकून घेतले आणि मैदानावर बादशहाच्या तंबूतच टेबल मांडलं. टेबलामागे चाळीस हुकांची फळी. त्याच्यामागे तख्त.

चोवीस तारखेला सकाळी सात वाजता इराणी फौज समुद्राकडच्या मैदानावर हजर होती. भट्टीवाले पहाटे तीनला उठणारे लोक, त्यांच्या हिशेबाने सात म्हणजे उशीर. त्यांनी रांगेत वीस बिल्ले दिले, वीस तलवारी घेतल्या आणि उंटाच्या सावलीत बसून आमची वाट बघितली.

मोगल फौज साडेदहाला आली. शुक्रवार होता, सुट्टी होती, आणि गफूरने नाश्त्याला घावन केले होते. वीसपैकी अकरा जणांचे बिल्ले कामाच्या पँटीत, पँटी खोलीवर. सैनिकांनी विनवण्या केल्या. झहूर नावाचा आमचा एक वेल्डर होता, त्याने तर चाचांच्या टेबलासमोर आपल्या आईची शपथ घेतली की मी झहूर आहे.

"तू झहूर आहेस ते मला दिसतंय," बादशहा म्हणाले. "बिल्ला कुठाय?"

अकरा जण टॅक्सी शोधायला गेले. उस्मानभाईंनी वेळ झाली म्हणून शिट्टी वाजवली, आणि हिंदुस्थानची बादशाही नऊ तलवारींवर लढाईला उभी राहिली.

शिवाय एक हत्ती. हत्ती म्हणजे ताडपत्री, पुढे मी आणि मागे गफूर. मला बाहेरचं जग एका भोकातून दिसत होतं. गफूरला फक्त माझी पाठ दिसत होती, आणि तिच्याबद्दल तो सारखी तक्रार करत होता. पुस्तकात असं आहे की नादिरशहाने उंटांवर आग पेटवून हत्तींना पळवून लावलं. रजब यांच्या उंटावर आगबीग काही नव्हती. तो शांतपणे माझ्याजवळ आला, त्याने माझा डावा कान हुंगला, आणि खाल्ला. कान खजुराच्या झावळीचा होता. मग तो उजव्या बाजूला वळला. मी गफूरला म्हटलं, मागे सरक. गफूर म्हणाला, मला पुढचं दिसत नाही, मागचं कसं दिसणार. अशा रीतीने मोगलांचं हत्तीदल तंबूच्या दोरीत अडकून आडवं झालं, आणि उरलेली लढाई मी जमिनीच्या पातळीवरून बघितली.

बघण्यासारखं फार नव्हतं. भट्टीत दिवसभर लांब सळई चालवणाऱ्या माणसांशी लाकडी तलवारीने लढू नये. त्यांचे हात आमच्या हातांपेक्षा वीतभर लांब होते आणि आमची पोरं घावनांनी जड झाली होती. नऊच्या नऊ तलवारी गेल्या. बाद झालेले नऊ मोगल तंबूच्या कडेला बसून बोटांवरचा चंदेरी रंग पुसायला लागले. बाराच्या सुमाराला अझान व्हायची. तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. फोटोवाल्याने तिपाई मांडली आणि नूरबानूचाचींना विचारलं की वाकणारे साहेब कोणते. त्यांनी तंबूकडे बघितलं.

तंबूत चाचा एकटे उभे होते. कागदी मुकुट, पडद्याचा अंगरखा, चेहऱ्यावर एप्रिलातलं वऱ्हाड. समोरून नादिरशहा एकोणीस जणांसह बादशहाला कैद करायला येत होता. हातात आपली तलवार, काखेत आमच्या तीन. बाकीच्या सहा त्यांच्या मेहुण्यांच्या काखेत.

आता इथे मला चाचांबद्दल एक सांगायला हवं. पुढे गावी त्यांनी ही चाल आधीच ठरवलेली होती असं सांगितलं. ते खरं नाही. मी दोन हातांच्या अंतरावर पडलेलो होतो, माझ्यासमोर त्यांचा चेहरा होता. त्यांना ना नादिरशहा दिसला, ना दिल्ली. त्यांना काउंटरसमोर एक माणूस दिसला, ज्याच्याकडे एका बिल्ल्यावर चार वस्तू होत्या.

"एका बिल्ल्यावर एक," ते म्हणाले. "बाकीच्या जमा करा."

आवाज दरबारी नव्हता. स्टोअरचा होता. या आवाजापुढे मी क्रेनवाल्यांना माना खाली घालताना पाहिलंय.

रजब थांबले. हा माणूसही तीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला. भट्टीवर गर्दी झाली की कोणी कितीही मोठा असो, रांग मोडू द्यायची नाही हा त्यांचा कायदा होता. एकदा त्यांनी एका पोलिसालाही पाठी पाठवलं होतं. काउंटरवरच्या माणसाने मागितलं तर हुज्जत घालायची नाही, हे त्यांच्या रक्तात होतं. आणि लढाई तर संपलेलीच होती. त्यांनी काखेतल्या तीन तलवारी टेबलावर ठेवल्या आणि मागे वळून फारसीत काहीतरी म्हणाले. विजयी इराणी फौज रांगेत उभी राहिली.

चाचांनी एकेका तलवारीचा नंबर वाचला, त्या नंबरच्या हुकावरचा बिल्ला काढला, आणि नाव पुकारून ज्याचा त्याला दिला. पद्धतच ती. बाद मोगल एकेक करून उठले आणि आपापला बिल्ला घेऊन गेले. आता हातात बिल्ला असलेला माणूस काय करतो? तो रांगेच्या दुसऱ्या बाजूने टेबलाशी आला आणि म्हणाला, चाचा, एक तलवार. चाचांनी बिल्ला घेतला आणि तलवार दिली.

असे नऊही जण परत सैनिक झाले. कोणाच्या ते लक्षात आलं नाही, कारण त्याच वेळी रजब यांनी सूर्याकडे बघितलं होतं. जुम्म्यानंतरची रोटी ही आठवड्यातली सगळ्यात मोठी रोटी. सगळं सालमिया नमाज पढून तसंच भट्टीवर येतं. भट्टी त्याआधी लाल झाली नाही तर दिवस गेला. आणि वीसही भट्टीवाले इथे तलवारी घेऊन उभे. त्यांनी क्षणभर आपल्या तलवारीकडे बघितलं. आत्ता नेली तर संध्याकाळी परत करायला यायला हवं.

"हीही घ्या," ते चाचांना म्हणाले. "परत रांगेत कोण उभं राहणार?"

वीस तलवारी जमा झाल्या. वीस बिल्ले परत गेले. इराणी फौज टोप्या सावरत भट्ट्यांकडे धावत सुटली, मागोमाग उंट, त्याच्या तोंडात माझा उजवा कान. ते गल्लीत वळतात न वळतात तोच मशिदीतून अझान सुरू झाली.

अझान संपेपर्यंत उस्मानभाई आदबीने गप्प उभे राहिले. मग त्यांनी चार पानं काढली, तिसरं पान वाचलं, मैदानावर मोजलं, परत वाचलं.

"मोगल नऊ," ते म्हणाले. "इराण शून्य."

चाचा टेबलावरच्या तलवारी मोजत होते. त्यांनी वर बघितलंच नाही. "एकतीस आहेत," ते म्हणाले. "त्या नऊ कधी आणून देणार?"

नूरबानूचाचींनी तंबूत जाऊन त्यांच्या हातातली तलवार काढून घेतली आणि त्यांना सांगितलं, की अहो, तुम्ही जिंकलात. दोनदा सांगावं लागलं. मग बादशहा तख्तावर बसले आणि रुमालाने डोळे पुसायला लागले, आणि धूळ फार आहे म्हणाले. तेवढ्यात अकरा मोगल टॅक्सीतून उतरले, हातात बिल्ले. त्यांना काय झालं ते सांगायला मटणापर्यंत वेळ लागला.

पण फोटो राहिला होता. नादिरशहाशिवाय फोटो म्हणजे नुसता पडदा गुंडाळलेला स्टोअरकीपर. नमाज झाल्यावर आम्ही सगळे भट्टीवर गेलो: पुढे मुकुट घातलेले चाचा, मागे फोटोवाला तिपाई खांद्यावर घेऊन. रांग नाक्यापर्यंत गेली होती. बादशहा रांगेच्या शेवटी उभे राहिले. पुढच्या एका म्हाताऱ्या बाईने त्यांना आपली जागा देऊ केली. तिला वाटलं तब्येत बरी नसावी.

पाऊण तासाने नंबर लागला. रजब बनियनवर होते, घामाने निथळत होते. उस्मानभाईंनी त्यांना तिसरा नियम वाचून दाखवला आणि मैदानावर काय झालं ते सांगितलं. रजब यांनी सगळं नीट ऐकलं. मग ते हसायला लागले. इतके हसले, की त्यांच्या मेहुण्याला एक रोटी जळायच्या आधी काढावी लागली. त्यांनी विचारलं, की यांनी मला काउंटरवरून हरवलं? उस्मानभाई हो म्हणाले.

"मग ठीक आहे," रजब म्हणाले. "तलवारीने हरवलं असतं तर मला वाईट वाटलं असतं."

त्यांनी अंगरखा चढवला, उंच टोपी घातली आणि फोटोवाल्याला म्हणाले की लवकर कर, लोक खोळंबलेत. वेगळं वाकायला त्यांना वेळ नव्हता. भट्टीतून रोटी काढायला ते दिवसातून हजारदा वाकायचेच, त्यातलं एक वाकणं त्यांनी आम्हाला दिलं. टोपी आगीत पडू नये म्हणून एक हात कपाळाशी धरला. फोटोवाल्याने बटण दाबलं.

फोटो सुरेख आला. मुकुट घातलेला बादशहा ताठ उभा, आणि त्याच्यासमोर जगज्जेता नादिरशहा कमरेतून वाकून, कपाळाला हात लावून सलाम करतोय. दुसऱ्या हातात त्याने बादशहाला नजराणा म्हणून एक रोटी पुढे केली आहे. रजब यांनी एक प्रत लारला पाठवायला मागून घेतली. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

मे महिन्यात चाचांचं पत्र आलं. फोटो पडवीत लावला. लग्न छान झालं. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्यांनी फोटोखाली बसून दोन तास चर्चा केली. नादिरशहा हरला याबद्दल कोणालाही शंका नव्हती. समोर दिसतच होतं. चर्चा फक्त एका मुद्द्यावर अडली, की एवढा मोठा बादशहा, त्याने रोटी आणायला नोकर का पाठवला नाही.

पळपुट्यांचं घर आता कोणी म्हणत नाही, असं चाचांनी लिहिलं होतं. आता रोटीवाल्यांचं घर म्हणतात. त्याखाली नूरबानूचाचींनी स्वतःच्या हाताने एक ओळ घातली होती: पुढचं पत्र याच पत्त्यावर टाक, जुन्या पत्त्याचं पोस्टमन घेत नाही.